हिरवी खूण

“झोपला म्हणं. झोपलेल्या माणसाचं डोळं आसं असत्यात व्हय?”

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, हे कुणाला उद्देशून बोलत नव्हत्या. कंबरेचं हाड मोडल्यापासून त्या खुर्चीत बसायच्या आणि मी मागं उभी राहून त्यांची वेणी घालायची. तोंड भिंतीकडं करून त्या पुटपुटायच्या. मला ऐकू तर जावं, पण आपण काही म्हटलं असं होऊ नये, अशा बेतानं.

“काय म्हणालात?”

“कुठं काय. गाठ वडू नको. सोंड लावून पडतंय रातभर, आन् सकाळी तोंड बघावं तर मातीला जाऊन आल्यागत.”

जिन्यावर पावलं वाजली तशा त्या गप्प झाल्या.

हे खाली आले. गालांवर मास्कच्या पट्ट्यांचे वळ आणि हातात फोन.

“शालन, बघ. आजपण हिरवी.”

फोनवर बरोबरची हिरवी खूण होती. तिच्याखाली रात्री किती तास मशीन लावलं, मास्कच्या कडेनं हवा किती सांडली आणि तासाला श्वास किती वेळा अडला, असं सगळं ओळीनं. अडलेल्या श्वासांचा आकडा इतका लहान असायचा, की परीक्षेत तेवढे मार्क पाडणाऱ्याला कुणी घरात घेतलं नसतं. इथं त्याचंच कौतुक होतं. फोन आरतीच्या ताटासारखा फिरला. आधी आत्या, मग मी, मग माझी धाकटी जाऊ रंजना. तिनं पदराला हात पुसले, फोनकडं बघितलं आणि रोजच्यासारखं म्हणाली, “बरं झालं, भावजी.”

त्यापलीकडं ती बोलायची नाही. दोन वर्षं झाली होती, घरात रंजनाचं बोलणं तेवढंच उरलं होतं. बरं, हो, वाढू का.

इचलकरंजीत तेव्हा आमचे माग होते, म्हणजे नुकतेच विकले होते. हे आणि धाकटे दीर सुधाकर दोघं मिळून ते चालवायचे. सुताच्या कांड्या भरायचं काम आम्हा जावांचं, आणि मागावरून उतरलेला कापडाचा तागा उजेडात धरून खोट शोधायचं काम माझं. दोन वर्षांपूर्वी एकदा तागे पोचवून टेम्पो परत येत होता. हे चालवत होते, सुधाकर शेजारी. रस्त्यात गाय आडवी आली आणि टेम्पो झाडावर गेला. ह्यांना खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. सुधाकर दवाखान्यात एक रात्र काढून गेला.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला हे ती गाय सांगायचे. कधी ती पांढरी असायची, कधी तांबडी. एकदा तर तिच्यामागं वासरूही आलं. ऐकणारा मान हलवायचा. घरातल्या आम्हा बायकांनी गाईचा रंग कधी विचारला नाही.

एका भावाच्या जिवावर माग चालेनात. ते भंगारात गेले आणि दारात शाळेची पिवळी व्हॅन आली. हे चालवणार, आणि मुलांना चढवा-उतरवायला शाळेच्या नियमाप्रमाणं एक बाई लागते, ती रंजना. तिची ईश्वरीही त्याच शाळेत. सगळं जमल्यासारखं झालं होतं. पण शाळेनं ड्रायव्हरची तपासणी मागितली, आणि डॉक्टर शिरगुप्पेबाईंनी ह्यांची जाड मान, वाढलेला रक्तदाब बघून मलाच विचारलं, “घोरतात का?” मी म्हटलं, आमच्याकडं माग बंद पडले ते शेजाऱ्यांना अजून कळलेलं नाही. बाई हसल्या, पण अंगाला वायरी लावून त्यांनी ह्यांना एक रात्र निजवलं. झोपेत श्वास सारखा अडतोय असं निघालं. अशानं माणूस रात्रभर झोपूनही जागाच राहतो, आणि दिवसा कुठंही डुलकी घेतो. म्हणून ते मशीन आलं. नळीतून नाकात हवा सोडायचं, दाब आपलं आपणच कमीजास्त करायचं, आणि सकाळी फोनवर हिशेब द्यायचं. जूनच्या आत हिशेब चांगला दिसला, तर गाडी चालवायला हरकत नाही असं पत्र बाई देणार होत्या.

हिशेब चांगलाच दिसत होता, आणि माझं दुखणं नेमकं तेच होतं. ज्या ताग्यात एकही खोट सापडत नाही तो तागा मी पुन्हा उलगडायची.

कारण दुपारी हेच गृहस्थ पेपर वाचता वाचता मान टाकायचे. मास्क नाही, काही नाही. घशातून खर्रर्र आवाज चढत जायचा, मग एकदम बंद. मी भाजी निवडायची थांबायची. पुन्हा श्वास आला की हे दचकून उठायचे, आणि उठताना उजवा पाय फरशीवर गच्च दाबलेला असायचा.

“झोपला होता का?”

“छे. डोळे मिटले होते जरा.”

रात्री इतकं गुणी झोपणाऱ्याला दिवसा झोप कुठून येते? आत्यांना रात्री उठवा-बसवायला लागायचं म्हणून मी खाली त्यांच्याजवळ झोपायची. वरच्या खोलीत काय चालतं ते देव जाणे आणि मशीन जाणे. दोघांपैकी मशीनच बोलत होतं.

पहिला संशय, हे मास्क उशीला लावून ठेवत असतील. एका सकाळी हे दूध आणायला गेल्यावर मीच उशीला मास्क बांधून बघितला. मशीननं थोडा वेळ उशीत हवा भरली आणि मग तक्रार केली, मास्क नीट बसलेला नाही. म्हणजे उशीला ते फसत नव्हतं. शिवाय गालावरचे वळ खरे होते. मी चहा देताना जवळून बघून घेतले.

“काय बघतीस?” हे म्हणाले.

“दाढी राहिलीये कानाजवळ.”

दुसरा संशय मशीनवरच. ज्या दुकानातून आणलं होतं तिथं फोन लावला.

“ताई, ऑटोमॅटिक आहे,” पलीकडचा पोरगा म्हणाला. “माणूस खोटं बोलेल, मशीन बोलायचं नाही.”

“मग माणूस पेंगतो का?”

“वय झालं की थोडं होतंच. बाबांचं वय काय?”

“ते बाबा नव्हेत, आमचे मालक आहेत,” म्हणून मी फोन ठेवला.

आत्यांना सांगायला गेले तर त्या आपल्याच विचारात. “पत्र मिळू दे बाई एकदा. बसून बसून पोराचं रक्त आटलं.” पुटपुटताना संशय घेणाऱ्या आत्या मोठ्यानं बोलायला लागल्या की पत्राच्या बाजूनं असायच्या. घरात सगळेच तसे. सकाळी फोन फिरला की माना हलायच्या, आणि पुटपुटायचं ज्यानं त्यानं आपल्या भिंतीला.

मे महिन्यात व्हॅन नरसोबाच्या वाडीला न्यायची ठरली. आमच्याकडं नवी गाडी देवाला दाखवल्याशिवाय कामाला लावत नाहीत. मी म्हटलं, “पत्र येऊ द्या की.” हे म्हणाले, “देवाला जायला कसलं पत्र?” देवाचं नाव निघालं की आमच्या घरात वाद संपतो. आत्यांना शेजारणीवर सोपवून आम्ही निघालो. मी आणि ईश्वरी मागं बसलो. पुढं ह्यांच्या शेजारी रंजना बसली. सुधाकर बसायचा तीच बाजू.

गाडी सुरू झाली आणि रंजना बोलायला लागली.

मी चाट पडले. दोन वर्षांत ही बाई माझ्याशी जेवढी वाक्यं बोलली नसेल, तेवढी ती शिरढोणच्या अलीकडंच बोलून मोकळी झाली. वांगी महाग झालीत. मालिकेतली सून परत माहेरी गेली. भावजी, ती माहेरी गेली ते तुम्हाला पटतं का? ह्यांना मालिकेचा गंध नाही, पण उत्तर दिल्याशिवाय ती सोडेना. हे विहीर कुणाची, भावजी? ह्या शेताला पाणी कुठनं येतं? मधूनच पर्समधली पुरचुंडी काढून तिनं एक लवंग पुढं केली. “चावा. चघळायची नाही, चावायची.”

“अगं तिखट लागतीय.”

“लागू दे.”

मी मागं बसून बघत होते. घरात मुकी आणि गाडीत रेडिओ. आणि लवंग देण्याची ती तऱ्हा, जणू आधीपासून ठरवून आणलेली. संशय यायला मला फार लागत नाही. पण तो घ्यायचा कसला, ते कळेना.

वाडीला पूजा झाली. पुजाऱ्यांनी व्हॅनला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, प्रसादाचे पेढे मिळाले. परत येताना ऊन चढलं होतं. ईश्वरीनं पाणी मागितलं. रंजना बाटली द्यायला मागं वळली. बोलणं तुटलं ते तेवढ्यापुरतं. झाकण घट्ट होतं, ती ते फिरवत होती, आणि माझ्या बाजूच्या काचेवर उसाची पानं सपसप वाजायला लागली. मला वाटलं, समोरून काही आलं म्हणून ह्यांनी गाडी कडेला घेतली. समोर रस्ता मोकळा होता.

रंजनानं बाटली टाकली आणि पुढच्या फळीवर हात आपटला. “भावजी, हा ऊस कुणाचा?”

गाडी रस्त्यावर आली.

“पाटलाचा असणार,” हे म्हणाले. आवाज अगदी शांत होता. आरशात मला त्यांचं कपाळ दिसलं, घामानं डबडबलेलं. ईश्वरीच्या फ्रॉकवर सगळं पाणी सांडलं होतं. ती हसत होती. गाडीत जूनपासून अशी किती पोरं बसणार, ते माझ्या मनात आलं आणि तोंडातला पेढा कडू झाला.

घरी आल्यावर मी रंजनाला मोरीजवळ गाठलं.

“रंजना, एवढं का बोलत होतीस?”

“कुठं काय, अक्का. असंच.”

“गाडीत तू बसणार रोज. पोरगी बसणार. तुला भीती नाही वाटत?”

ती कपडे पिळतच राहिली. “मी बसले की नाही काही होत,” म्हणाली, आणि बादली उचलून गच्चीवर गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे व्हॅनचं काहीतरी बघायला गॅरेजला गेले. मी वरच्या खोलीत गेले, दार लोटलं, त्यांच्या पलंगावर आडवी झाले आणि मास्क स्वतःच्या तोंडावर चढवला. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. उशीनं जे सांगितलं नाही ते माणूस सांगेल, एवढंच डोक्यात. रबराला ह्यांच्या साबणाचा वास होता. हवा नाकात शिरली तशी आधी गुदमरले, मग सवय झाली. मशीन हलक्या आवाजात फुसफुसत होतं. मी डोळे टक्क उघडे ठेवून पडले. छताच्या पंख्यावरची धूळ बघितली. सुधाकरचं लग्न आठवलं, त्यात ह्यांनी हरवलेली चप्पल आठवली. आत्यांची औषधं, ईश्वरीची पुस्तकं, आरशातलं ते घामेजलं कपाळ. चांगला दीड-दोन तास पडले असेन. झोप म्हणून पापणीला शिवली नाही. खालून आत्यांनी हाक मारली तेव्हा उठले आणि गालावरचे वळ चोळत खाली गेले.

“तोंडाला काय झालं गं?”

“चटईची काडी उमटली.”

सकाळी हे जिना उतरले. फोन हातात होता, पण ताटासारखा फिरला नाही. ते पायरीवरच उभे राहून बघत राहिले. मी जवळ गेले. हिरवी खूण होतीच. तास वाढले होते, अगदी मी पडले होते तेवढेच. आणि अडलेल्या श्वासांचा आकडा आणखी खाली उतरला होता.

मी सताड जागी होते, आणि मशीननं मला गाढ झोपलेली म्हणून शाबासकी दिली होती.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. हे जादा तास कुठले, असं विचारायला हवं होतं. विचारलं नाही. त्यांनी फोन खिशात घातला आणि म्हणाले, “चहा टाक.”

चहा उकळेपर्यंत माझ्या डोळ्यांपुढं आमचा कोपऱ्यातला माग आला. त्याची, आडवा धागा आहे का बघणारी तार कधीमधी अडकायची. धोट्यातली कांडी संपली की खरं तर माग थांबायला हवा. तार अडकली की तो थांबायचा नाही. धोटा रिकामाच इकडून तिकडं पळायचा, खडखडाट तसाच, मीटर तसंच पुढं धावायचं. मीटर बघून सुधाकर खूश व्हायचा, आणि मी तागा उलगडला की मधला पट्टाभर नुसते उभे धागे हाताला लागायचे. मीटर काही खोटं बोलायचं नाही. माग फिरला किती, तेवढंच ते मोजायचं. विणलं किती, हे त्याला कुणी विचारलेलंच नसायचं.

जागं पडलेल्या माणसाचा श्वास कशाला अडेल? तो झोपेत अडतो. हे रात्रभर मास्क लावून, माझ्यासारखेच पंख्याकडं बघत पडत होते.

पण का? पत्रासाठी म्हणावं, तर झोपले असते तरी मशीन होतंच की सांभाळायला.

पत्राच्या दिवशी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. तिथून परस्पर शाळेत जायचं होतं, ड्रायव्हर आणि बाई दोघांनाही बोलावलं होतं, म्हणून रंजना बरोबर. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. शिरगुप्पेबाईंनी फोनवरचा हिशेब कॉम्प्युटरवर उघडला आणि भुवया वर केल्या.

“मनोहरराव, इतका छान रिपोर्ट माझ्या कुठल्याच पेशंटचा नाही.”

“तुमची कृपा,” हे म्हणाले.

बाईंनी पत्राचा कागद पुढं ओढला. मग ह्यांच्या डोळ्यांकडं बघितलं आणि पेन उघडायच्या थांबल्या. “वहिनी, तुमची काही तक्रार?”

मी मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरली. “एक विचारायचं होतं. माणूस झोपलाय का जागा, हे ह्यात दिसतं का?”

हे खुर्चीत सरळ झाले. “शालन.”

“नाही दिसत,” बाई म्हणाल्या. “मशीनला नळीतली हवा कळते. श्वास आला, गेला, अडला, एवढं. अडलेलाही ते अंदाजानं मोजतं, बऱ्यापैकी अंदाज असतो, पण अंदाजच. डोळे उघडे की मिटलेले ते त्याला कळत नाही. जितके तास चालू, तितके तास ते झोपच धरून चालतं.” त्यांनी पेन खाली ठेवलं. “का विचारलंत?”

“मी दुपारी लावून पडले होते. जागी. त्या दिवशीचा सगळ्यात चांगला आलाय.”

बाईंनी पडद्यावर बोट फिरवून तो दिवस काढला. त्या हसल्या नाहीत.

“म्हणजे आता बायकोच्या बोलण्यावर पत्र देणार व्हय तुम्ही?” हे म्हणाले. “एवढं महागाचं मशीन. ते खोटं?”

“मशीन खरंच सांगतंय. माझा प्रश्न तुम्हाला आहे. रात्री झोप लागते का?”

“मास्क लावतो मी. रोज लावतो. वळ बघा.”

“लावता, ते दिसतंय. झोपता का?”

बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला गेला. बाई थांबून राहिल्या, आणि डॉक्टर लोकांना थांबून राहणं सहसा जमत नाही, म्हणून की काय, हेच अवघडले.

“पडतो की,” शेवटी म्हणाले. “डोळे मिटले की जरा... मिटवत नाहीत. दिवसा कधी लागते ती लागते, ती आपल्याला न विचारता लागते. रात्री आपण होऊन मिटायचे म्हणजे... ते अपघाताचं मनात येतं, डॉक्टर. ती गाय एकदम पुढं आली ना. पांढरी होती. मी ब्रेक दाबला, पण ती गाय—”

“गाय नव्हती,” रंजना म्हणाली.

ती दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. पुरचुंडी तिच्या मुठीत होती. आवाज चढला नव्हता, गाडीतला नव्हता आणि घरातलाही नव्हता. ह्यांनी मान वळवली नाही. मी त्यांच्या हाताकडं बघत होते. तो खुर्चीच्या दांडीवर होता तसाच राहिला.

“गाय नव्हती, भावजी. तुम्हाला झोप लागली होती. ईश्वरीचे बाबा त्या रात्री दवाखान्यात मला सांगून गेले. म्हणाले, दादाला कधी बोलू नकोस, नाहीतर तो जन्मात झोपायचा नाही.” तिनं मूठ उघडली, लवंगांकडं बघितलं आणि पुन्हा मिटली. “मी नाही बोलले. तरी तुम्ही झोपला नाहीत.”